आगामेम्नॉनच्या थडग्यातला एक पॉइंट

परवाच्या शनिवारची गोष्ट. रात्रीचा दीड वाजला असेल. घरातले सगळे गाढ झोपलेले, आणि मी हेडफोन लावून, हातात मशाल घेऊन एका थडग्यात शिरलेलो. पायाखाली साप, जमिनीतून वर येणारे भाले, मधेच एखादी फोडायची भिंत. हे सगळं पार करून शेवटी एका कोरीव शिलापट्टापाशी पोचलो, बटण दाबलं आणि स्क्रीनवर मेसेज आला: एक अ‍ॅबिलिटी पॉइंट मिळाला. थडग्याचं नाव होतं आगामेम्नॉनचं थडगं.

गेम म्हणजे 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'. २०१८ साली आलेला, म्हणजे तसा जुनाच, पण मी कुठलाही गेम सेलमध्ये स्वस्त झाल्याशिवाय घेत नाही. गोष्ट सुरू होते इ.स.पू. ४३१ मध्ये, अथेन्स आणि स्पार्टाचं पेलोपोनेशियन युद्ध पेटतं तेव्हा. तुम्ही कसांद्रा किंवा अलेक्सिऑस होऊन अख्खा ग्रीस पालथा घालायचा. मी कसांद्रा घेतली. गेममध्ये अशी थडगी ठिकठिकाणी आहेत आणि सगळ्यांची रीत एकच. आत शिरा, जे मिळेल ते उचला, शिलापट्ट शोधा, पॉइंट घ्या, बाहेर पडा.

त्या रात्री पॉइंट घेतला खरा, पण झोपताना डोक्यात किडा वळवळायला लागला. आगामेम्नॉनचं खरंच थडगं आहे का? आणि असलं, तर ते त्याचंच आहे हे ठरवलं कोणी? रविवार त्यातच गेला. आणि हाती जे लागलं ते गेमपेक्षा भारी निघालं.

ज्यांना आगामेम्नॉन आठवत नाही त्यांच्यासाठी एका परिच्छेदात. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचा सरसेनापती, मायसीनीचा राजा. बाप आट्रियस. भाऊ मेनेलॉस, ज्याची बायको हेलन ट्रॉयला गेली आणि महाभारत घडलं. वारा मिळावा म्हणून या माणसाने स्वतःच्या मुलीचा, इफिजीनियाचा, बळी दिला. दहा वर्षांनी जिंकून घरी आला तर बायकोने, क्लायटेम्नेस्ट्राने, तिचा प्रियकर एजिस्थस याच्या साथीने त्याचा खून केला. त्याच्याबरोबर ट्रॉयची पकडून आणलेली राजकन्याही मारली गेली. तिचं नाव कसांद्रा. हो, माझ्या गेममधल्या बाईचंच नाव. पुढे मुलाने, ओरेस्टीसने, आईला मारून सूड घेतला. थोडक्यात, या घराण्यात सुखाने कोणीच मेलं नाही.

आता खरी जागा. ग्रीसच्या पेलोपोनीज भागात, आर्गोस शहराच्या उत्तरेला मायसीनीचे अवशेष आहेत. १९९९ पासून जवळच्या टिरिन्ससह ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गडाच्या बाहेर, एका टेकडीच्या पोटात एक प्रचंड थडगं आहे. त्याला 'आट्रियसचा खजिना' म्हणतात आणि 'आगामेम्नॉनचं थडगं' असंही म्हणतात. खजिना तिथे कधीच नव्हता. आणि त्या दोघांपैकी कोणी तिथे पुरलेलं होतं याला काडीचाही पुरावा नाही. म्हणजे नावं दोन आणि दोन्ही चुकीची. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. एखाद्या फंक्शनचं नाव पहिल्या दिवशी चुकीचं पडतं, मग ते शंभर ठिकाणांहून वापरलं जातं, आणि बदलायची कोणाची हिंमत होत नाही. इथे फक्त ते सुमारे अठराशे वर्षं चाललंय.

पण नावाचं भांडण नंतर. आधी बांधकाम बघू, कारण ते बघून मी शब्दशः तोंडात बोट घातलं.

आत जायला टेकडीत कापलेला सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घडीव दगडांच्या भिंती. लांबी ३६ मीटर, रुंदी ६ मीटर. टोकाला ५.४ मीटर उंच दार. दारातून आत गेलं की एकच गोल खोली, मधमाश्यांच्या जुन्या पद्धतीच्या पोळ्यासारखी वर निमुळती होत गेलेली. व्यास साडेचौदा मीटर, उंची साडेतेरा. मधे एकही खांब नाही. बाजूला खडकात कोरलेली एक छोटी खोली. बस्स. साप नाहीत, भाले नाहीत, चक्रव्यूह नाही. गेमवाल्यांना हा नकाशा दिला असता तर त्यांनी बोअरिंग म्हणून परत केला असता.

हा घुमट म्हणजे आपण ज्याला कमान म्हणतो त्या तत्त्वावरचा घुमट नाही. दगडांची ३३ वर्तुळं एकावर एक रचली आहेत आणि प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेलं आहे. (आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांमध्ये मंडपाचं छत असंच थर आत सरकवत नेलेलं दिसतं.) मग दगड आत कोसळत का नाहीत? दहीहंडीचा थर आठवा. गोविंदा गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आत झुकून उभे राहतात. एकटा असेल तर तोंडावर पडेल, पण प्रत्येकजण शेजाऱ्यावर रेटतो म्हणून गोल टिकतो. दगडांचंही तेच. वर्तुळ पूर्ण झालं की प्रत्येक दगड आत पडायला बघतो आणि शेजारचे दोन त्याला अडवतात. वरून आणि मागून मातीचा ढीग घातलेला, त्याचं वजन दगडांची मागची बाजू दाबून धरतं. सगळे थर लागल्यावर आतली बाजू तासून एकसंध गोलाई आणलेली.

खरी करामत दारावर आहे. दारावरचा आतला लिंटेलचा दगड अंदाजे १२० टन वजनाचा आहे. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीला लागणाऱ्या इलेक्ट्रिक इंजिनाचं वजन साधारण इतकंच असतं. म्हणजे एक अख्खं रेल्वे इंजिन त्या लोकांनी दारावर आडवं ठेवलंय! बहुधा टेकडीच्या उताराचा आणि मातीच्या रॅम्पचा उपयोग करून. पण इतका मोठा दगडही वरच्या भाराने मधेच मोडला असता. म्हणून त्याच्या वर भिंतीत मुद्दाम एक त्रिकोणी पोकळी सोडली आहे, म्हणजे वरचं वजन दोन्ही बाजूंनी उतरून खांबांवर जातं आणि लिंटेलवर जवळजवळ काहीच येत नाही. पोकळी दिसू नये म्हणून तिच्यावर लाल दगडाच्या नक्षीदार पट्ट्या बसवल्या होत्या. दाराच्या दोन बाजूंना हिरव्या दगडाचे, नागमोडी आणि चक्राकार नक्षीचे अर्धस्तंभ.

हे सगळं साधारण इ.स.पू. १३५० ते १२५० च्या दरम्यान झालं. त्यानंतर हजारेक वर्षं, थेट रोमन काळापर्यंत, याहून मोठा घुमट जगात कोणी बांधला नाही.

आता हिशेब बघा. कसांद्रा थडग्यात शिरते इ.स.पू. ४३१ नंतर. म्हणजे तिच्या दृष्टीनेही ही वास्तू आठशे-साडेआठशे वर्षं जुनी होती. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली, सव्वासातशे वर्षांपूर्वी. म्हणजे आपण ज्ञानेश्वरांपासून जेवढे लांब, त्यापेक्षा कसांद्रा त्या थडग्याच्या गवंड्यांपासून लांब होती. आपल्या डोक्यात 'प्राचीन ग्रीस' नावाचा एकच डबा असतो आणि त्यात सॉक्रेटिस, आगामेम्नॉन, अलेक्झांडर सगळे कोंबलेले असतात. प्रत्यक्षात सॉक्रेटिसला मायसीनी तितकंच धूसर होतं जितके आपल्याला यादव. त्याहून जास्तच, कारण मधल्या काळात, इ.स.पू. १२०० च्या आसपास, ते जग कोसळलं, राजवाडे जळाले आणि ग्रीक लोक लिहिणंच विसरले. पुढे नवी लिपी घेतली तेव्हा जुनी वाचता येणारं कोणी उरलं नव्हतं.

ती जुनी लिपी म्हणजे लिनियर बी. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने ती उलगडली, आणि हा माणूस भाषातज्ज्ञ नव्हता, आर्किटेक्ट होता. आत सापडली ग्रीकच भाषा. पण मजकूर काय? किती तेल, किती लोकर, किती मेंढ्या, कोणाला किती धान्य. निव्वळ हिशेब. शिवाय या मातीच्या पाट्या भाजलेल्याही नव्हत्या, वापरून झाल्यावर टाकायच्याच होत्या. राजवाडा जळला त्या आगीत त्या भाजल्या गेल्या म्हणून टिकल्या. सर्व्हर जळाला म्हणून लॉग्ज वाचले, असा हा प्रकार! राजाला 'वानाक्स' म्हणत हे त्यातून कळतं. पण आगामेम्नॉन राजाचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. आणि आट्रियसच्या तथाकथित खजिन्यात एक अक्षरही कोरलेलं नाही.

मग आगामेम्नॉन तिथे शिरला कधी? इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती थडग्यात मेलेल्यांची नाही, थडग्याबाहेर जिवंत असलेल्यांची आहे.

सुरुवात खुद्द मायसीनीच्या राजांनीच केली. गडाच्या सिंहदरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताला एक गोल आवार आहे, त्यात खोल खड्ड्यांची सहा थडगी. ती इ.स.पू. सोळाव्या शतकातली. मूळ तटबंदीच्या ती बाहेर होती. इ.स.पू. १२५० च्या सुमारास तट वाढवला तेव्हा राजांनी मुद्दाम तो वळवून ही तीनशे वर्षं जुनी थडगी आत घेतली, भोवती दगडी पट्ट्यांचं दुहेरी कडं बांधलं, जुने शिलापट्ट नव्या पातळीवर पुन्हा उभे केले. तीनशे वर्षांपूर्वीचे ते लोक यांचे खरे पूर्वज होते की नाही, देव जाणे. पण गडात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी ते दिसणार होते. निरोप स्पष्ट होता: आम्ही आज आलेलो नाही.

मग मधला अंधार. आणि इ.स.पू. आठव्या शतकात, होमरची महाकाव्यं आकार घेत होती त्याच सुमारास, लोक या जुन्या थडग्यांपाशी नैवेद्य आणून ठेवायला लागले. मायसीनीजवळ आगामेम्नॉनचं एक देवस्थानही उभं राहिलं. तिथे सापडलेल्या काही खापरांवर चक्क त्याचं नाव आहे, पण ती खापरं इ.स.पू. चौथ्या शतकातली. म्हणजे आगामेम्नॉनचा लेखी पुरावा मिळतो, तो तो जिथे राज्य करायचा म्हणतात तिथेच मिळतो, पण साधारण आठशे वर्षं उशिरा.

यात खरा खेळ केला स्पार्टाने. हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. सहाव्या शतकात स्पार्टाचं शेजारच्या टेजियाशी युद्ध चालू होतं आणि स्पार्टा सारखी हरत होती. डेल्फीला कौल लावला. उत्तर आलं, आगामेम्नॉनच्या मुलाची, ओरेस्टीसची, हाडं घेऊन या. लिकास नावाचा एक स्पार्टन टेजियात गेला. तिथे एका लोहाराने बोलता बोलता सांगितलं की अंगणात विहीर खणताना सात हात लांबीची शवपेटी सापडली आणि आतला माणूसही तेवढाच लांब होता. म्हणजे तीन मीटरहून मोठा माणूस! (काही अभ्यासकांचा तर्क असा की अशा 'वीरां'ची हाडं म्हणजे एखाद्या नामशेष झालेल्या अवाढव्य प्राण्याची असावीत.) लिकासने ती हाडं गुपचूप स्पार्टाला नेली. आणि त्यानंतर, हिरोडोटस म्हणतो, स्पार्टा टेजियाशी प्रत्येक लढाई जिंकत गेली.

हे वाचून मी अक्षरशः मोठ्याने हसलो. थडग्यात जा, वस्तू उचल, पॉवर वाढव. कसांद्राने जे केलं तेच. अ‍ॅबिलिटी पॉइंटची कल्पना गेम डिझायनरने काढलेली नाहीच, ती स्पार्टाची आहे. फरक इतकाच की स्पार्टाला मिळालेला पॉइंट खरा होता. आगामेम्नॉन साऱ्या ग्रीकांचा सेनापती होता. त्याचं घराणं आपलं ठरलं की साऱ्या ग्रीकांचं सेनापतिपदही आपलं. इ.स.पू. ४८० च्या आसपास, इराणी आक्रमणाच्या वेळी, सिराक्यूजच्या राजाने नेतृत्व मागितलं तेव्हा स्पार्टाच्या दूताने त्याला आगामेम्नॉनचंच नाव घेऊन सुनावलं, असं हिरोडोटसने लिहिलंय. स्पार्टाजवळच्या अमिक्लीत तर आगामेम्नॉनचं थडगंही दाखवायचे.

आणि खुद्द मायसीनीचं काय झालं? तोपर्यंत ते एक लहानसं गाव उरलं होतं. तरी थर्मोपिलीला त्याने ८० माणसं पाठवली, आणि पुढच्या वर्षी प्लेटियाला मायसीनी व टिरिन्स मिळून ४०० गेली. बलाढ्य शेजारी आर्गोस मात्र त्या युद्धात घरी बसून राहिला. विजयानंतर डेल्फीला जो सर्पस्तंभ उभारला (तो आता इस्तंबूलमध्ये आहे) त्यावर लढलेल्या गावांमध्ये मायसीनीचं नाव कोरलं गेलं. आर्गोसचं नाही. हे आर्गोसला सहन झालं नाही, असं पॉसेनियस सांगतो. इ.स.पू. ४६८ च्या सुमारास आर्गोसने मायसीनीला वेढा घालून गाव उठवलं, माणसं देशोधडीला लावली.

दहा वर्षांनी, इ.स.पू. ४५८ मध्ये, अथेन्समध्ये एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी रंगमंचावर आली. आगामेम्नॉनचा खून, ओरेस्टीसचा सूड, सगळं त्यात आहे. फक्त राजवाडा मायसीनीत नाही. तो आर्गोसमध्ये आहे. अथेन्स आणि आर्गोस तेव्हा नुकतेच दोस्त झाले होते ना! गाव उद्ध्वस्त करणाऱ्यालाच गावाचा नायकही मिळाला. मला तरी हा भाग वाचताना कसंसंच झालं. ८० माणसं पाठवणारं गाव, त्याची शिक्षा म्हणून गेलं, आणि वर त्याची गोष्टही दुसऱ्याच्या नावावर चढली.

पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिथे आर्गोसच्या आश्रयाने एक छोटं गाव वसलं. त्यांनी एक थिएटर बांधलं, आणि त्याच्या पायऱ्या थेट 'क्लायटेम्नेस्ट्राचं थडगं' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या रस्त्यावरून गेल्या. खाली काय आहे हे त्यांच्या गावीही नसावं.

आता येतो पॉसेनियस, इ.स. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी. त्या काळातला ट्रॅव्हल गाइडच म्हणा. त्याने लिहून ठेवलं की मायसीनीत आट्रियस आणि त्याच्या मुलांची जमिनीखालची खजिन्याची दालनं आहेत, आगामेम्नॉन आणि त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्यांची थडगी तटाच्या आत आहेत, आणि क्लायटेम्नेस्ट्रा व एजिस्थस यांना आत पुरण्याच्या लायकीचं न मानता तटाबाहेर पुरलंय. कसांद्राच्या थडग्यावर अमिक्लीवालेही हक्क सांगतात, ही तळटीपही तो देतो. म्हणजे वाद तेव्हाही मिटला नव्हता. पण आपल्याकडे आलेली नावं ती याच्या पुस्तकातून. 'खजिना' हा शब्द त्याचाच.

त्याच्यानंतर पॉइंट घेणाऱ्यांची रांगच लागली. थडगं आतून केव्हाच लुटलेलं होतं. भिंतींच्या दगडांत फक्त खिळ्यांची भोकं उरली होती, त्यांत एकेकाळी ब्राँझच्या नक्षीची फुलं बसवलेली असावीत. मेंढपाळ आत विस्तव पेटवून बसायचे. १८०२ मध्ये लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी दर्शनी भागाचे तुकडे नेले. १८१० च्या सुमारास तुर्की सुभेदार वेली पाशाने स्लायगोच्या मार्क्विसला ते हिरवे अर्धस्तंभ देऊन टाकले. ते जहाजाने आयर्लंडला त्याच्या वाड्यावर गेले, तळघरात पडले आणि घरचे लोक ते काय आहे हेच विसरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा ओळखले गेले आणि १९०५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले गेले. आज थडगं ग्रीसमध्ये आणि त्याचे दारखांब मुख्यतः लंडनमध्ये.

आणि १८७६ मध्ये हाइनरिक श्लीमान. पॉसेनियसने म्हटलेला तट म्हणजे बाहेरचा नसून गडाचाच, असं मानून त्याने सिंहदरवाजाच्या आत खणलं आणि तीच ती जुनी थडगी सापडली. सोन्याचे मुखवटे, तलवारी, दागिने. त्याने ग्रीसच्या राजाला तार केली की आगामेम्नॉन, कसांद्रा आणि सोबत्यांची थडगी सापडली. (आगामेम्नॉनचा चेहरा प्रत्यक्ष पाहिल्याचं त्याचं जे प्रसिद्ध वाक्य सगळीकडे फिरतं, ते त्या तारेत नाही.) अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो 'आगामेम्नॉनचा मुखवटा' आजही आहे. पण थडग्यांचा काळ इ.स.पू. सोळाव्या शतकातला. ट्रॉयच्या युद्धाची परंपरेने मानलेली तारीख इ.स.पू. ११८४. म्हणजे आगामेम्नॉन होऊन गेला असं मानलं तरी तो मुखवटा त्याच्या खापरपणजोबांच्याही खापरपणजोबाचा म्हणावा लागेल. शिवाय होमरचे वीर चितेवर जाळले जातात, आणि इथे माणसं पुरलेली होती. तेही कुणाला फारसं खटकलं नाही.

विसाव्या शतकात अ‍ॅलन वेसने आट्रियसच्या खजिन्याच्या उंबऱ्याखाली आणि आसपास खणून जे काढलं त्यात चमक नव्हती. खापरांचे तुकडे. पण त्या तुकड्यांवरून काळ ठरवता आला. नाव नाही, फक्त काळ. या सगळ्या रांगेत काहीही न नेता काहीतरी देऊन गेलेला मला तरी हाच दिसतो.

आपण हसायला नको. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. लेणी बौद्ध आहेत, सातवाहन आणि क्षत्रप काळातली आहेत, आणि तिथे तर शिलालेख आहेत. कोणी खोदवली, कोणी दान दिलं, सगळं भिंतीवर लिहिलंय. ते वाचता येणं बंद झालं, मग मोठं काम दिसलं की मोठं नाव हवं, म्हणून पांडव. ग्रीकांनीही मायसीनीचे तट सायक्लॉप्स राक्षसांनी बांधले म्हणून सोडून दिलं. ते दगड माणसांनी उचलले असतील यावर त्यांच्याच वंशजांचा विश्वास बसेना.

मग गेम चुकला का? रविवारी सकाळी मी 'हो' म्हणालो असतो. रात्रीपर्यंत मत बदललं. कसांद्राच्या काळातल्या एखाद्या माणसाला विचारलं असतं तर त्यानेही बहुधा आगामेम्नॉनचंच नाव घेतलं असतं. म्हणजे इ.स.पू. ४३१ ची चूक गेमने बरोबर दाखवली आहे! जी गोष्ट गेममध्ये नाही ती वेगळी. आगामेम्नॉन या नावाची तेव्हा केवढी किंमत होती आणि ती वसूल करताना कोणाचं गाव पुसलं गेलं, हे त्या पॉइंटबरोबर कोणी सांगत नाही.

त्याच काळातल्या एका माणसाला मात्र हे दिसत होतं. थ्युसिडिडिज, त्या युद्धाचा इतिहासकार. तो म्हणतो की मायसीनी आज लहान दिसते म्हणून ती कधी मोठी नव्हतीच असं समजू नका. उद्या स्पार्टा ओसाड पडली आणि फक्त पाया उरला, तर तिच्या ताकदीवर कोणाचा विश्वास बसणार नाही. आणि अथेन्सचं तसं झालं, तर ते होतं त्याच्या दुप्पट मोठं वाटेल. अवशेषांवरून माप काढू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आज स्पार्टात बघण्यासारखं खरंच फारसं काही उरलेलं नाही. बाबा बरोबर होता.

या सगळ्यात मला एक गोष्ट मनापासून आवडली. नाव लावणारे सगळे आले आणि गेले. आर्गोस, स्पार्टा, पाशा, लॉर्ड, श्लीमान. पण ती ३३ वर्तुळं आणि दारावरचा तो त्रिकोण कोणालाच नेता आला नाही. ज्या कोणी तो त्रिकोण रिकामा ठेवायचं ठरवलं, त्याला वजन कुठून कुठे जातं हे पक्कं कळत होतं. त्या थडग्यात कोण होतं ते माहीत नाही, पण दारावर कोणीतरी हुशार माणूस काम करत होता हे नक्की. त्याचं नाव कोणाला लागत नव्हतं, म्हणून ते कोणी बनवलंही नाही.

असो. पुढच्या विकांताला बिओशियातलं ओरायनचं थडगं आहे. ओरायन म्हणजे आपल्या मृग नक्षत्रातला तो आकाशातला शिकारी. आता तारे झालेल्या माणसाचं थडगं कसं काय? पण पॉसेनियस सांगतो की टनाग्रात ते दाखवायचे. टनाग्रावाल्यांना त्यातून काय मिळत होतं ते आधी शोधतो.

पॉइंट मात्र घेणार.